बाईची बेसनचक्की

आमच्या घरात आईला सगळे ‘बाई’ म्हणत. मारवाडातून पुणे जिल्ह्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत ही पद्धत होती. पौडला आमचे किराणा-भुसारचे दुकान होते आणि दुकानाच्या मागेच घर. धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी बाई मागच्या खोलीत चूल पेटवी आणि बेसनाची चक्की करायला बसे. गुजराती बांधव ज्याला मोहनथाळ म्हणतात, त्याचाच हा मारवाडी भाऊबंद. दिवाळीला घरात इतर पाच-सहा जिन्नस होत. पण ते जावा, नणंदा, सुना मिळून करीत. चक्कीच्या कढईला मात्र बाई दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे.

बाई २०१६ च्या उन्हाळ्यात गेली. त्यानंतर आठ दिवाळ्या घरी चक्की झाली नाही. पत्नीच्या बोटांना संधिवाताने घेरले आहे. सून हिंजवडीच्या कंपनीत नोकरी करते आणि दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत तिला रजा नसते. मिठाई पुण्याहून बंद खोक्यातून येऊ लागली. गेल्या दिवाळीत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मी स्वतः कढईसमोर उभा राहिलो. त्याला एक कारण होते, आणि ते गोडाचे नव्हते. ते सांगण्यापूर्वी बाईची रीत सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

हरभऱ्याची डाळ बाई दुकानातल्या पोत्यातून घेई, पण सुपात पसरून दाणा न् दाणा पाहिल्याशिवाय गिरणीत पाठवीत नसे. कीड, पाखरू, अळी काही राहू नये, ही जयणा. गिरणीवाल्याला आधी जाते झाडायला लावी आणि पीठ रव्यासारखे जाडसर दळून आणवी. पाकाचे पाणी गाळलेलेच असे. सूर्यास्ताच्या आत चूल विझली पाहिजे, हा नियम. आश्विन अमावास्येच्या सुमारास आपल्याकडे सहाच्या आसपास दिवस मावळतो, म्हणून सकाळी आठालाच कढई चढे.

प्रमाण पुढीलप्रमाणे. पीठ १ किलो, तूप सुमारे ७०० ग्रॅम, साखर ८०० ग्रॅम, दूध अर्धी वाटी, वेलदोडा आणि चिमूटभर केशर. यांतले १०० ग्रॅम तूप आणि दूध एकत्र चांगले तापवून पिठावर ओतायचे आणि दोन्ही तळहातांनी चोळायचे. याला धाबा देणे म्हणतात. पीठ दाबून अर्धा तास ठेवायचे आणि मग मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळायचे, म्हणजे दाणा पडतो. येथे एक गोष्ट अनेक घरांतून आता विसरली जाते. दूध कच्चे किंवा कोमट घालून चालत नाही. कच्चे गोरस आणि द्विदल धान्य एकत्र येऊ नये, हा आपला नियम. हरभरा हे द्विदल. म्हणून बाई दुधात बोट बुडवून पाही, आणि चटका बसला तरच ते पिठावर जाई.

उरलेल्या तुपात पीठ मंद आचेवर भाजायचे. पहिली पंधरा मिनिटे उलथण्याला पीठ जड लागते. मग ते हळूहळू हलके होते, तूप सोडू लागते, रंग बदामी होतो आणि वास दुकानाच्या पुढच्या ओट्यापर्यंत जातो. या भाजण्याला ३५ ते ४० मिनिटे लागतात आणि ती वाचवता येत नाहीत. कढई उतरवून मग साखर भिजून थोडे वर येईल इतक्या पाण्यात पाक करायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब धरून बोटे उघडली की दोन तारा दिसल्या पाहिजेत. एकाच तारेवर पाक उतरवला तर चक्की घट्ट होत नाही आणि तिच्यात पाण्याचा अंश राहतो; ओलावा राहिलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी वासी ठरतो. दोन तारांच्या पुढे गेला तर चक्की दगड होते किंवा भुगा होते. कोमट पिठात पाक ओतून, मिश्रण आळू लागेपर्यंत ढवळून तूप लावलेल्या परातीत थापायचे आणि पुरते घट्ट होण्याआधीच सुरीने रेघा मारायच्या. चांदीचा वर्ख बाईने कधीच लावला नाही. परंपरेने तो प्राण्याच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटला जातो, हे तिला ठाऊक होते.

चक्की पितळी डब्यात भरली की बाई डब्याला एक चिठ्ठी चिकटवी. तिच्यावर पेन्सिलीने तिथी लिहिलेली असे. मिठाईचा काळ हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि चातुर्मासात १५. दिवाळी चातुर्मासातच येते, म्हणून धनत्रयोदशीच्या चक्कीवर ‘कार्तिक शुद्ध त्रयोदशी’ लिहिलेले असे. पुढे बँकेत मुदत ठेवीच्या पावत्यांवर देय दिनांक लिहिताना मला ती चिठ्ठी हटकून आठवे. फरक एवढाच, की पावतीचे नूतनीकरण होई. चक्कीचे होत नसे. त्रयोदशीच्या आत डबे रिकामे झालेच पाहिजेत, म्हणून ते वाटले जात. साठवता येत नाही म्हणून वाटायचे, हा त्या नियमाचा दुसरा अर्थ मला फार उशिरा कळला.

वाटण्याच्या यादीत पहिला डबा एका मावशीचा असे. मुळशी धरणाच्या पाण्याच्या काठी तिचे गाव. तिच्या सासरची मूळची भाताची खाचरे त्या पाण्याखाली गेलेली. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने हे धरण बांधायला घेतले, तेव्हा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. तो १९२४ पर्यंत चालला आणि धरण झाले. वरच्या अंगाची जी थोडी जमीन उरली, तिच्यावर मावशीचा संसार. मीठ, गूळ, तेल, लुगडे यांसाठी ती माणसे पौडला येत आणि आमच्या दुकानात त्यांचे खाते होते. भात निघाला की खाते फिटे. पाऊस फसला की पुढच्या पानावर ओढले जाई.

आपल्या समाजाने या जिल्ह्यात खातेवहीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची कर्जखते जाळली, आणि दंग्याचे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. बापूजी हा इतिहास पुस्तकातून शिकले नव्हते. त्यांच्या आजोबांकडून ऐकला होता. ते म्हणत, “वही खरी असली तरी पुरत नाही. गिऱ्हाइकाच्या घरचे सुखदुःख वहीत लिहिलेले नसते.” बाईचा चक्कीचा डबा ही त्या न लिहिलेल्या बाजूची नोंद होती, असे आज वाटते.

मावशी दिवाळीला अनारसे आणीत असे. पहिल्या वर्षी बाईने ते हसतमुखाने घेतले आणि ती गेल्यावर दुकानाच्या हमालांना वाटून टाकले. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, वर खसखस लावतात. भिजवून ठेवलेले धान्य आणि बहुबीज खसखस, दोन्ही आमच्या घरात वर्ज्य. कुणा हमालाच्या तोंडून ही गोष्ट मावशीच्या कानावर गेली. पुढच्या बाजाराला ती दुकानात आली, पण मागे घरात आली नाही. बाई स्वतः ओट्यावर गेली आणि तिला हाताला धरून आत घेऊन आली. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाई तिला म्हणाली, “चूक माझी झाली. खात नाही हे तोंडावर सांगायला हवे होते. तुझ्या हाताला नाही गं, तीन दिवसांच्या पाण्याला माझा नियम आहे.”

मावशी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग काय खाता ते तरी सांगा.”

त्या दुपारी दोघींचा काहीतरी करार झाला. मावशी अनारशांऐवजी घरचा जुना आंबेमोहोर आणू लागली, चार-पाच शेरांची पिशवी. पाडव्याला, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, बाई त्याचा केशरी साखरभात करी. भाताचा वास भिंतीपलीकडच्या घरात जाई. पुढे चक्कीचे तूपही मावशीकडूनच येऊ लागले. ताकातून निघालेले लोणी दोन घटकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या, आत कढवले पाहिजे, हे बाईने तिला एकदा सांगितले. मावशीकडे घड्याळ नव्हते. ती लोणी काढण्याआधीच चूल पेटवून ठेवी. दुसऱ्याचा धर्म आपल्या चुलीवर इतक्या काटेकोरपणे सांभाळणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

मावशीचा मुलगा माझ्या बरोबरीचा. सुट्टीत तो दुकानात येई, आम्ही गुळाच्या ढेपांवर बसून गोट्या खेळत असू. मी पुण्याला बीएमसीसीत शिकलो, एम.कॉम. झालो आणि १९८१ मध्ये बँकेत लागलो. तो शेतीत राहिला.

१९९४ च्या सुमारास बदलीने माझ्याकडे तालुक्यातलीच एक शाखा आली. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी तो दोन दुभत्या म्हशींसाठी कर्जाचा अर्ज घेऊन आला. कागद तपासले तेव्हा असे दिसले, की एका चुलतभावाच्या कर्जाला तो जामीन होता आणि ते कर्ज थकलेले होते. नियमाने मला अर्ज मंजूर करता येत नव्हता. मी तसे सांगितले. तो म्हणाला, “हप्ता मी चुकवणार नाही, तू मला ओळखतोस. आपल्या घरांचं काय आजचं आहे का?” शाखेत गर्दी होती. दोन कारकून ऐकत होते, एक मोठा कर्जदार समोरच बसला होता. मी गावचा, मी व्यापाऱ्याचा मुलगा. ओळखीवर कर्जे देतो असे कोणी म्हणू नये, याची मला फार चिंता असे. मी आवाज चढवून म्हणालो, “घरी तांदूळ आणून दिले म्हणून बँकेत कर्ज मिळत नाही.”

तो उठला, कागद गोळा केले आणि म्हणाला, “बरं, साहेब.” त्याने मला साहेब म्हटले ते त्या दिवशी प्रथमच.

नियम माझ्या बाजूला होता. अंतर्गत तपासणीत त्या अर्जावरचा माझा शेरा निर्दोष ठरला असता. जे बोललो त्याचा मात्र कोणत्याही कागदावर शेरा नव्हता.

पुढच्या दिवाळीला तांदळाची पिशवी आली नाही. बाईने विचारले तेव्हा मी झाले ते सांगितले, बहुधा नियमावर जास्त भर देऊन. ती काही बोलली नाही. धनत्रयोदशीला चक्की केली, पहिला डबा भरला आणि मला म्हणाली, “तू नेऊन दे.” मला काम होते, मी डबा दुकानातल्या मुलाबरोबर पाठवला. आठवड्याने डबा परत आला. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करीत नाहीत. मावशीनेही केला नाही. आत मूठभर तांदूळ होते. पिशवी नव्हे, मूठ. बाईने ते तांदूळ वेगळ्या वाटीत काढून घेतले आणि त्या पाडव्यापासून साखरभात दुकानातल्या तांदळाचा होऊ लागला. यानंतर वीसहून अधिक वर्षे असेच चालले: इकडून चक्की, तिकडून मूठभर तांदूळ. दर वर्षी बाई मला “तू नेऊन दे” म्हणे आणि दर वर्षी मला काम असे.

बाई गेल्यावर डबाही थांबला.

मी २०१८ मध्ये निवृत्त झालो. संवत्सरीच्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर क्षमायाचनेचे संदेश सुरू होतात. मीही पाठवतो, एका बोटाने तीनशे माणसांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ जाते. गेल्या वर्षी पर्युषणात प्रतिक्रमणाहून परत आलो आणि ओट्यावर बसून यादी चाळत होतो. तिच्यात सेवानिवृत्त सहकारी होते, व्याही होते, ज्यांच्याशी आयुष्यात कधी वाद झाला नाही असे कितीतरी होते. ज्याला खरोखर दुखावले, त्याचा नंबरसुद्धा माझ्याजवळ नव्हता. पत्नीला हे बोललो. ती म्हणाली, “संदेश कशाला? बाई जे सांगत होत्या ते करा.”

अशा रीतीने मी कढईसमोर आलो. पत्नी खुर्चीवर बसून सांगत होती, नात डाळ निवडायला होती. पीठ उत्तम भाजले गेले. चाळीस मिनिटे उभे राहून पाय दुखले, पण वास थेट लहानपणचा आला. पाकाला मात्र मी फसलो. दोन तारा आल्या की नाही हे पुन्हा पुन्हा पाहत राहिलो आणि त्या पाहण्यात पाक पुढे गेला. परातीत सुरी घातली तर रेघेऐवजी भुगा. चार चमचे पाणी घालून सगळे पुन्हा मंद आचेवर परतले, पुन्हा थापले. वड्या पडल्या, कडा मात्र तुटक्या. नातीने चिठ्ठीवर तिथी लिहिली आणि विचारले, “आजोबा, पंधरा दिवसांत संपली नाही तर?” मी म्हणालो, “संपवायचीच असते, म्हणून तर लिहितात.”

पाडव्याच्या दिवशी, वीर निर्वाण संवत २५५१ च्या पहिल्या दिवशी, दुपारी मी डबा घेऊन निघालो. पौडपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता शेतघरे आणि रिसॉर्टच्या पाट्या आहेत. मधूनच कापणीला आलेले एखादे खाचर दिसते. मावशीचे घर जुन्या जागीच आहे, वर पत्रे गेले आणि स्लॅब आला. ती पडवीत बसली होती. नव्वदीला टेकली असेल. दिसते कमी, ऐकू बरे येते. मुलाने मला ओळखले आणि म्हणाला, “या, साहेब.”

मी म्हणालो, “साहेब म्हणू नकोस.” मग जे ठरवून आलो होतो ते उभ्याउभ्याच सांगितले. “अर्ज नाकारला तो नियमाने. पण चारचौघांत जे बोललो ते कोणत्या नियमात नव्हते. तीस वर्षे झाली. मला क्षमा कर.”

तो बराच वेळ गोठ्याकडे पाहत राहिला. गोठ्यात चार म्हशी होत्या. त्या त्याने पुढे कशा उभ्या केल्या हे मी विचारले नाही, त्याने सांगितलेही नाही. मग म्हणाला, “अर्जाचं मला काही नव्हतं. दुसरा साहेब असता तर त्यानंही तेच केलं असतं. आईचे तांदूळ तू मधी आणलेस, ते लागलं. ते तांदूळ कर्जासाठी नव्हते.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याने मला ‘तू’ म्हटल्याचे माझ्या ध्यानात आले, ते घरी परतताना.

मावशीने हात पुढे केला. मी डबा उघडून एक वडी तिच्या हातावर ठेवली. तिने ती बोटांनी चाचपली, कडेचा तुकडा मोडून तोंडात घातला, सावकाश चघळला आणि म्हणाली, “पाक फुडं गेलाय रं. बाईचा असा नव्हता.”

“हो मावशी. पहिल्यांदाच केली.”

“मग पुढल्या साली नीट कर,” ती म्हणाली आणि उरलेली वडी खाऊन टाकली.

कार्तिकी पौर्णिमेला तो स्वतः पौडला आला आणि डबा परत देऊन गेला. घाईत होता, चहालाही थांबला नाही. डब्यात तांदूळ होते. पिशवी नव्हे, मूठभरच. पत्नीने ते बाईच्या जुन्या वाटीत काढून ठेवले.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर हे खाते अजून फिटलेले नाही, एवढेच की त्यात पुन्हा व्यवहार सुरू झाला आहे. वाचकांपैकी ज्या घरांत अजून चक्की होते त्यांना माझी विनंती, की दोन तारा दिसल्या की कढई उतरवा, तिसऱ्यांदा पाहू नका. आणि पहिला डबा ज्याच्याकडे न्यायला आपल्याला दर वर्षी काम असते, त्याच्याकडे तो स्वतः न्या. यंदाच्या दिवाळीसाठी मी डाळ आणून ठेवली आहे. तूप त्यांच्याकडूनच मिळेल का, हे मात्र अजून विचारलेले नाही.